चरबी जावी, स्नायू राहावेत : एका ओळीची समीक्षा

या मालिकेत आपण आजवर ग्रंथ वाचत आलो. आज एकच ओळ वाचायची आहे. ओळ अशी : वजन किलोत घ्या, त्याला १० ने गुणा. उंची सेंटिमीटरमध्ये घ्या, तिला ६.२५ ने गुणा. दोन्हींची बेरीज करा, त्यातून वयाची पाचपट वजा करा. पुरुष असाल तर ५ मिळवा, स्त्री असाल तर १६१ वजा करा. झालं. स्वस्थ पडून राहिलं तरी शरीर दिवसभरात किती कॅलरी जाळेल, याचा हा अंदाज. हिला मिफ्लिन-सेंट जिओर सूत्र म्हणतात, ते १९९० साली प्रसिद्ध झालं. पुढे या आकड्याला हालचालीच्या मानाने १.२, १.३७५, १.५५ अशा कुठल्या तरी गुणकाने गुणायचं, आणि वजन उतरवायचं असेल तर त्यातून ५०० वजा करायचे. हातानं आता हे कुणी करत नाही. मोबाइलमध्ये चार रकाने भरले की आकडा येतो, आणि तो फ्रिजच्या दारावर चिकटतो : "रोजची गरज, इतक्या कॅलरी."

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, आहारशास्त्र नव्हे. पण 'गरज' हा शब्द दिसला की आमच्यासारख्यांचे कान टवकारतात. कारण त्या एका शब्दात इथे तीन गोष्टी कोंबलेल्या आहेत. शरीर किती जाळतं, ही वस्तुस्थिती. आपण किती खावं, हा विधी. आणि कशासाठी खावं, हे प्रयोजन. पहिल्यावरून दुसऱ्यावर उडी मारायची तर तिसरं स्पष्ट असावं लागतं. आपलं प्रयोजन काय? 'वजन कमी करणं' हे नव्हे. चरबी जावी आणि स्नायू राहावेत, हे. आता आमचा आक्षेप असा की या ओळीला, आणि तिच्या मागोमाग येणाऱ्या वजनकाट्याला, स्नायू दिसतच नाहीत. दिसत नाहीत एवढ्यावर भागलं असतं तर सोडून दिलं असतं. पण दोघंही नकळत स्नायूंच्या विरोधात कौल देतात, ते कसं हे आज बघायचं आहे.

समोर आमच्या वयाची मंडळी बरीच दिसतात, म्हणून हे बोलायला हवं. साखर वाढते, डॉक्टर म्हणतात वजन उतरवा, मुलगी मोबाइलवर ॲप टाकून देते. माणूस निष्ठेनं आकडा पाळतो. सहा महिन्यांत नऊ किलो उतरतात, लग्नकार्यात सगळे "काय छान बारीक झालात" म्हणतात. आणि मग एक दिवस पूजेला पाटावर बसलेलं माणूस उठताना आधी हात टेकतं, मग कुणाचा तरी हात मागतं. पंचविशीत गेलेला स्नायू व्यायामानं परत मिळवता येतो. सत्तरीत तो व्यवहार फार महाग पडतो.

आधी हे सूत्र आलं कुठून ते पाहू. त्याचं मूळ घराणं १९१९ चं. अमेरिकेत बॉस्टनच्या पोषण प्रयोगशाळेतले फ्रान्सिस बेनेडिक्ट आणि संख्याशास्त्राकडे वळलेले वनस्पतिशास्त्रज्ञ आर्थर हॅरिस यांनी १३६ पुरुष, १०३ स्त्रिया आणि ९४ नवजात बालकं यांच्या मोजमापांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि वजन, उंची, वय यांवरून ऊर्जेचा अंदाज बांधणारी समीकरणं दिली. ग्रंथाच्या नावातच 'जीवसांख्यिकी' आहे, म्हणजे लेखकांनी काही लपवलेलं नाही. हा समूहाचा अभ्यास. शंभर माणसांची सरासरी तो उत्तम सांगतो. त्या शंभरातल्या एकट्या तुमच्याबद्दल तो फक्त पैज लावू शकतो, आणि पैज लावणाऱ्याला निकाल लागेपर्यंत थांबावं लागतं.

ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्रात, दुसऱ्या भागात, नेमकं आहाराचंच उदाहरण आहे. दहा माप अन्न फार होतं, दोन माप फार थोडं. म्हणून पैलवान घडवणारा गुरू सगळ्यांना सहा माप वाढेल का? नाही. मायलो नावाच्या नामांकित मल्लाला सहा कमी पडेल आणि आखाड्यात आज पहिल्यांदा उतरलेल्या पोराला जास्त होईल. दहा आणि दोन यांचा मध्य सहा, हे गणित बरोबरच आहे. पण तो मध्य वस्तूचा झाला, तुमचा-आमचा नव्हे. आमचं म्हणणं एवढंच की मोबाइलमधलं सूत्र सहा माप सांगतं आणि त्यावर तुमचं नाव लिहितं.

एक उदाहरण घेऊन बसू. बासष्ट वर्षांच्या बाई, वजन ७० किलो, उंची १५५ सेंटिमीटर. आधुनिक सूत्रानं येतात ११९८ कॅलरी. जुन्या हॅरिस-बेनेडिक्टनं येतात १३२१. बाई त्याच, दिवस तोच, फरक सव्वाशेचा. आता हालचालीचा गुणक. बैठं जीवन म्हटलं तर १.२, म्हणजे १४३७. थोडीफार हालचाल म्हटलं तर १.३७५, म्हणजे १६४७. बाई दोन वेळचा स्वयंपाक करतात, धुणं वाळत घालतात, संध्याकाळी देवळापर्यंत चालत जातात. हे बैठं की थोडंफार? रकान्यात बोट कुठे टेकलं यावर २१० कॅलरींचा, दोन पोळ्यांचा, फरक पडला. आणि यातून वजा करायचे ते ५००. म्हणजे ज्या आकड्यात दोन-दोनशेची चूक सहज दडते, त्यातून आपण पाचशे कापायला निघालो आहोत. शिवाय जे खाल्लं ते आपण खरं लिहितो का, हा निराळाच प्रश्न. १९९२ साली न्यूयॉर्कमध्ये "आम्ही कमीच खातो, तरी वजन हलत नाही" म्हणणाऱ्यांचं खाणं अचूक मोजलं गेलं. त्यांनी प्रत्यक्षापेक्षा सरासरी ४७ टक्के कमी सांगितलं होतं आणि हालचाल ५१ टक्के जास्त. ती माणसं खोटारडी नव्हती. फोडणीतलं तेल कुणाच्या लक्षात राहतं! आपल्याकडे तर एकादशी अन् दुप्पट खाशी. (हशा)

हे सगळे आक्षेप तसे किरकोळ, कुठल्याही अंदाजावर घेता येतात. मुख्य आक्षेप पुढे आहे, तो सावकाश पाहू.

सूत्रातलं वयाचं पद बघा. दर वर्षी पाच कॅलरी वजा. का? वाढदिवस झाला म्हणून शरीर रातोरात कमी जाळू लागतं का? २०२१ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. २९ देश, आठ दिवसांच्या बाळापासून पंचाण्णव वर्षांच्या वृद्धापर्यंत साडेसहा हजारांच्या आसपास माणसं. त्यात असं दिसलं की शरीराच्या चरबीविरहित वस्तुमानाचा हिशेब धरला तर विशीपासून साठीपर्यंत ऊर्जेचा खर्च जवळजवळ स्थिर राहतो. उतरण लागते ती साठीनंतर, आणि तीही हळूहळू. मग चाळिशीच्या माणसाच्या वयापोटी ही वजाबाकी कशाची? बव्हंशी स्नायूंच्या घटीची. माणसं वयाबरोबर स्नायू गमावतात, हे सरासरीनं खरं आहे, आणि सूत्रानं ती सरासरी घट 'वय' या नावाखाली आत घेतली. म्हणजे जो स्नायू राखायला आपण निघालो, तो सूत्रानं आधीच बुडीत खात्यात टाकलेला आहे. जी बाई स्नायू टिकवून आहे, तिला सूत्र तिच्या खऱ्या खर्चापेक्षा कमी आकडा देणार. त्यातून पाचशे वजा झाले की ती उपाशी राहणार, आणि उपाशी राहिली की स्नायू जाणार. भाकीत स्वतःच स्वतःला खरं करून दाखवतं. तर्कशास्त्राच्या वर्गात आम्ही अशी उदाहरणं शोधत हिंडायचो.

गंमत अशी की १९९० च्या त्याच निबंधात दुसरं समीकरण आहे. चरबी वगळून शरीराचं जे वजन उरतं त्याला १९.७ ने गुणा आणि ४१३ मिळवा. वय नाही, उंची नाही, स्त्री-पुरुष नाही. आपल्या उदाहरणातल्या बाईंची चरबी ४० टक्के असेल तर चरबीविरहित वजन ४२ किलो, आणि उत्तर १२४०. चरबी ३० टक्के असेल तर ४९ किलो, उत्तर १३७८. पहिलं सूत्र दोघींना ११९८ च सांगणार. मग जगानं पहिलंच का उचललं? कारण वजन आणि उंची घरी मोजता येते, चरबी येत नाही. जे सोपं ते प्रमाण झालं. (घरगुती काट्यांवर चरबीचे टक्के दाखवतात, पण ते पायातून सोडलेल्या सूक्ष्म विजेवरून केलेलं अनुमान असतं. तांब्याभर पाणी कमी-जास्त झालं की ते हलतं.)

आपल्याकडे तर हा फरक फारच महत्त्वाचा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात स्वतःचीच उदाहरणं ठेवली. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचा सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र एकाची ९.१ टक्के आणि दुसऱ्याची २१.२. जास्त कुणाची, हे सांगायला नको. बारीक दिसणाऱ्या भारतीय शरीरात चरबी जास्त आणि स्नायू कमी असतात, हे याज्ञिकांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांपर्यंत मोजून दाखवलं आहे. मुळात भांडवल कमी असलेल्या माणसानं ते आणखी जाळायचं, याचा अर्थ नीट समजून घ्यावा.

आता काट्याकडे वळू. "एक किलो म्हणजे ७७०० कॅलरी" हा नियम सगळ्यांना पाठ आहे. त्याचं मूळ मॅक्स विश्नॉफ्स्की यांच्या १९५८ च्या लेखात, पौंडाला ३५००. हा हिशेब मुख्यतः चरबीच्या पेशीजालाचा. पण शरीर चरबीच जाळेल असा करार त्यानं आपल्याशी केलेला नाही. एक किलो शुद्ध चरबीत सुमारे ९४०० कॅलरी असतात. एक किलो स्नायूत पाणीच फार, म्हणून त्यात जेमतेम १८००. आता पंधरवडाभर रोज ५०० ची तूट ठेवली, एकूण ७००० धरू. सगळी चरबी गेली तर काटा उतरेल पाऊण किलोनं. निम्मी चरबी आणि निम्मा स्नायू गेला तर उतरेल सव्वा किलोनं. म्हणजे ज्याचं नुकसान झालं त्याचा काटा जास्त हलला! तो पेढे वाटणार, आणि ज्याची फक्त चरबी गेली तो "माझं काही उतरतच नाही" म्हणून आणखी शंभर कॅलरी कापणार. काट्याला दोष नाही, आपण त्याला जे विचारलं त्याचंच उत्तर तो देतो आहे.

इथे पुण्यातल्या एका जुन्या वादाची आठवण होते. १९७१ साली वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी दारिद्र्याची रेषा आखताना माणशी रोज २२५० कॅलरींचा आधार घेतला. त्यावर डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी हरकत घेतली. हे सातारा जिल्ह्यातल्या बुधचे संख्याशास्त्रज्ञ, रोमच्या अन्न व कृषी संघटनेत वीसेक वर्षं काम करून पुण्यात स्थायिक झालेले. त्यांचं म्हणणं असं की एकाच माणसाची गरजसुद्धा स्थिर नसते. शरीर एका मर्यादेत स्वतःचं नियमन करतं, कमी अन्न जास्त काटकसरीनं वापरतं. म्हणून सरासरीपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण उपाशीच, असं म्हणता येत नाही. दांडेकरांना हे मान्य नव्हतं, आणि हा वाद पुढे बराच गाजला. धोरण म्हणून सुखात्म्यांच्या युक्तिवादाचा धोका उघड आहे, भुकेल्याला "तुझं शरीर जुळवून घेईल" असं सांगणाऱ्यांना तो सोयीचा पडतो. पण एकाच आकड्यानं माणूस बांधता येत नाही, हे त्यांचं म्हणणं आम्हाला आजही वजनदार वाटतं. प्रश्न उरतो तो जुळवून घेण्याच्या किमतीचा. ती किंमत अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये मोजली गेली. ॲन्सेल कीझ यांनी ३६ तरुणांना चोवीस आठवडे सुमारे १६०० कॅलरींवर ठेवलं, वर चालायलाही लावलं. त्यांनी वजनाचा जवळजवळ चौथा हिस्सा गमावला. ऊर्जेचा खर्चही पुष्कळ घटला, शरीरानं जुळवून घेतलं. कसं घेतलं? आकसून, स्नायू आणि ताकद देऊन, जिना चढायचं टाळून. ते उंचपुरे तरुण होते आणि जेवणही बटाटा-पावाचं, तेव्हा आपल्या बासष्टीच्या बाईंशी थेट तुलना नको. पण शरीराची काटकसर कुठून सुरू होते, ते त्यावरून कळतं.

मग स्नायू राहतात कशानं? इथे कॅलरीचा आकडा गप्प आहे. २०१७ साली पासष्टीपुढच्या १६० स्थूल माणसांवर सव्वीस आठवड्यांचा एक अभ्यास अमेरिकेत प्रसिद्ध झाला. आहार कमी करून कुणाला चालण्यासारखा दमसासाचा व्यायाम दिला, कुणाला वजनं उचलण्याचा, कुणाला दोन्ही. तिन्ही गटांत वजन सारखंच उतरलं, सुमारे नऊ टक्के. काट्यानं तिघांना एकच गुण दिले. पण चरबीविरहित वस्तुमान दमसासाच्या गटात पाच टक्क्यांनी घटलं, वजनं उचलणाऱ्यांत दोन टक्क्यांनी, दोन्ही करणाऱ्यांत तीन टक्क्यांनी, आणि एकूण कार्यक्षमता सर्वांत सुधारली ती दोन्ही करणाऱ्यांची. आमच्या बागेतल्या मंडळींनी हे मनावर घ्यावं. रोज दहा हजार पावलं चालून झाली की सगळं झालं अशी त्यांची पक्की समजूत आहे.

दुसरी गोष्ट प्रथिनांची. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात २०१६ मध्ये चाळीस तरुणांवर प्रयोग झाला. ऊर्जा चाळीस टक्क्यांनी कमी, व्यायाम कडक. एका गटाला किलोमागे १.२ ग्रॅम प्रथिनं, दुसऱ्याला २.४. चार आठवड्यांत पहिल्या गटाचे स्नायू जवळपास जिथल्या तिथे राहिले, दुसऱ्यात चरबीविरहित वजन एक किलोहून अधिक वाढलं आणि चरबीही जास्त गेली. तरुणांचा आणि अतिकठोर प्रयोग होता, तो आपण करू नये. पण एवढं कळतं की ताटातल्या कॅलरी कुठून आल्या यावर पुष्कळ अवलंबून आहे. आपल्या बाईंना किलोमागे १.२ ग्रॅम धरली तर ८४ ग्रॅम लागतील. वाटीभर आमटीत पाच-सहा ग्रॅम, एका अंड्यात सहा, पेलाभर दुधात आठ, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास, बांगड्याच्या शंभर ग्रॅममध्ये वीसच्या जवळपास. सकाळी पोहे, दुपारी पोळी-भाजी-भात, रात्री भाताची पेज, असा दिवस काढला तर ८४ च्या निम्म्यालाही पोचणं अवघड. आणि कॅलरी कापताना आपण पहिलं काय सोडतो? "रात्री फक्त पेज घेतली." आकडा पाळला गेला, स्नायूंच्या वाट्याला काही आलं नाही. ज्यांची मूत्रपिंडं अधू आहेत त्यांनी मात्र प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारलंच पाहिजे.

जाता जाता, व्यायामशाळांची एक जाहिरात : स्नायू कमवा, बसल्या बसल्या कॅलरी जळतील. विश्रांतीत एक किलो स्नायू दिवसाला साधारण १३ कॅलरी जाळतो. वर्षभर घाम गाळून दोन किलो कमावले तर रोजची पाव पोळी. स्नायू राखायचे ते बसमध्ये चढण्यासाठी, घसरलेला पाय सावरण्यासाठी, नातवंड उचलण्यासाठी.

तर मग सूत्र फेकून द्यायचं का? "कॅलरी-बिलरी सगळं थोतांड" म्हणणारे दुसऱ्या टोकाला बसलेले आहेतच. त्यांचं आम्हाला पटत नाही. तूट असल्याशिवाय चरबी जात नाही, हा ऊर्जेचा हिशेब कुणालाही चुकवता येत नाही. सूत्राचा आकडा गृहीतक म्हणून घ्यावा आणि गृहीतकाला जशी परीक्षा असते तशी त्याची घ्यावी. आपल्या बाईंनी १४३७ आणि १६४७ यांच्या मधला, समजा १५५० हा आकडा धरला. त्यातून पाचशे नकोत, अडीचशे-तीनशे वजा करावेत. वजन रोज सकाळी बघितलं तरी विचार आठवड्याच्या सरासरीचा करावा. तीन-चार आठवड्यांनी ती सरासरी मुळीच हलली नसेल तर आकडा चुकला, तो थोडा खाली घ्यावा. पण काट्याशेजारी दोन साक्षीदार आणखी उभे करावेत. एक शिंप्याची टेप, बेंबीपाशी. दुसरा घरातली साधी, हात नसलेली खुर्ची, भिंतीला टेकवून ठेवलेली. हात छातीशी बांधून तीस सेकंदांत किती वेळा पुरतं उठता-बसता येतं ते महिन्यातून एकदा मोजावं. कंबर कमी होते आहे आणि उठबशा तेवढ्याच किंवा जास्त, मग काटा कितीही रेंगाळला तरी खाणं आणखी कापू नये. काटा झरझर उतरतो आहे आणि उठबशा बारावरून नवावर आल्या, तर ते वजन कुठून गेलं हे सांगायला यंत्र नको. त्या दिवशी आहार वाढवावा, त्यातही आधी डाळ, अंडं, दही वाढवावं.

साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी खाणं कमी करण्याआधी औषधाचं प्रमाण डॉक्टरांकडून तपासून घ्यावं. नाहीतर पहिल्याच आठवड्यात साखर एकदम खाली जाऊन घेरी येते, आणि मग वरचं सगळं विवेचन बाजूला राहतं.

आता प्रश्न घेऊ.